जेसीबी घाटाच्या वरच्या अंगाला ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. सातपुड्यातल्या घाटात दरड कोसळली, वाहतूक ठप्प, दरड हटवण्याचं काम सुरू, सुदैवाने जीवितहानी नाही. बातमी खरी आहे, बातमीदाराबद्दल माझी तक्रार नाही. पण शेवटचे तीन शब्द वाचून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबेल. जमेल तेवढं छापा, पण त्यातले चार दिवस मात्र कापू नका.

मी एसटीत चालक होतो. 1990 साली लागलो, 2022 मध्ये निवृत्त झालो. निम्म्याहून जास्त नोकरी डोंगरातल्या गाड्यांवर गेली. तळोद्याहून धडगाव, अक्कलकुव्याहून मोलगी, आणि तिथून आत जाणाऱ्या मुक्कामी गाड्या. मी लागलो तेव्हा हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. कलेक्टर कचेरीत काम निघालं की धडगावकडचा माणूस दोन दिवसांची भाकर फडक्यात बांधून निघायचा. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, कचेरी जवळ आली. घाट होते तिथेच राहिले. चांदसैली, देवगोई, तोरणमाळची वळणं, यांची चढण माझ्या डाव्या पायाला अजून पाठ आहे. कुठे क्लच दाबायचा ते झोपेतही सांगेन.

जळगाव-भुसावळकडच्या वाचकाला खानदेश म्हटलं की तापी, केळी, कापूस आठवतो. तळोदा-शहादा मागे टाकून उत्तरेला निघालं की अर्ध्या तासात सपाटी संपते आणि सातपुडा अंगावर येतो. वर गावं आपल्यासारखी एकगठ्ठा नाहीत. पाडे आहेत. एक घर या टेकडीवर, दुसरं त्या उतरणीला, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या वावरात. भिल्ल आणि पावरा माणसं. खालच्या बाजूला नर्मदा. सरदार सरोवराचं पाणी 138.68 मीटरपर्यंत भरलं की नदीकडच्या पाड्यांना मागून पाणी आणि पुढून डोंगर. मग खाली उतरायला घाटाशिवाय दुसरं काही उरत नाही. चांदसैली बंद झाला तर तळोद्याहून धडगावला जायला शहाद्याकडून नाहीतर मोलगीकडून वळसा. हा वळसा धडगावच्या माणसाला निदान आहे तरी. घाटातल्या आणि फाट्याच्या आतल्या पाड्यांना तोही नाही. त्यांचा रस्ता एकच, आणि तोच बंद.

सप्टेंबर 2021 आठवा. चांदसैली घाटात दरड पडली होती. तिथलाच एक माणूस आजारी बायकोला दवाखान्यात न्यायला निघाला. गाडी येऊ शकत नव्हती. त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि चालायला लागला. ती वाटेतच गेली. ते चित्र सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिलं, हळहळ झाली. त्या बाईच्या अंगावर दगड पडला नव्हता. असल्या मरणाची नोंद आजारात होते, दरडीत होत नाही. म्हणून म्हणतो, "जीवितहानी नाही" हे शब्द घाटाच्या पायथ्याशी उभं राहून लिहिता येत नाहीत. वर जाऊन विचारावं लागतं.

आता ते चार दिवस. माझ्या नोकरीच्या मधल्या काळातली गोष्ट आहे, पोळ्याच्या आधीची. मुक्कामी गाडी घेऊन संध्याकाळी पाड्यावर पोचलो. पाड्याचं नाव लिहीत नाही. त्या लोकांनी मला जेवू घातलंय, त्यांच्यामागे कोणाची चौकशी लागायला नको. रात्रभर पाऊस. शेजारी झोपलेल्या मास्तरचं बोलणं ऐकू येईना इतका पत्र्यावर आवाज. (आम्ही वाहकाला मास्तर म्हणतो.) पहाटे चारच्या सुमाराला दुसराच आवाज आला. डंपरमधून खडी ओतावी तसा, पण डंपर रिकामा होतो आणि आवाज थांबतो. हा थांबेचना.

उजाडल्यावर जाऊन पाहिलं तर पाड्यापासून दीड किलोमीटरवर रस्ता नव्हता. डोंगराचा काप सुटून खाली आला होता. लाल मुरूम, काळे धोंडे, मुळासकट आलेले दोन साग, आणि सगळ्यातून गढूळ पाणी पाझरतंय. मास्तर धुळ्याकडचा होता. तो म्हणाला, "आते काय करानं भाऊ?" मी काहीच बोललो नाही. खाली आणखी दोन ठिकाणी दरडी पडल्यात, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

लाइट रात्रीच गेली होती. लाइट गेली की पिठाची चक्की बंद. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजीने कोपऱ्यातलं जातं ओढून काढलं. खुंटा सैल झालेला. तिने साडीची चिंधी फाडून खाली ठोकली, खुंटा हलवून पाहिला आणि दळायला बसली. घरात माणसं पाच, आम्ही धरून सात. मागचा मका संपत आलेला, वावरातल्या नवीन मक्याला अजून अवकाश. दुसऱ्या दिवशी भाकरी लहान झाल्या. तिसऱ्या दिवशी भगरीची पातळ पेज आली. वाढायचे मात्र आम्हाला आधी. मी ताट मागे सरकवलं तर घरधनी नाराज झाला. "डायवरदादा, तुम्ही रोज आम्हाला नेता-आणता," एवढंच म्हणाला. मीठ संपलं तेव्हा वरच्या घरातून एक पोरगं वाटीत मीठ घेऊन आलं. आजीने मीठ कागदावर ओतून घेतलं आणि वाटी लगेच पोराच्या हातात दिली, कारण तीच वाटी त्याला पुढच्या घरी न्यायची होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका बाईला कळा सुरू झाल्या. दाईने पोटाला हात लावून पाहिलं आणि पोर आडवं आहे म्हणाली. मग कोणी चर्चा केली नाही. जाड बांबू तोडला, घोंगडी बांधली, झोळी झाली. आठ-दहा जण निघाले. मी अंगाने दणकट, मीही निघालो. दरडीपर्यंत दोघे दोघे खांदा बदलत आलो. पुढे खरा प्रश्न. चिखल मांडीपर्यंत, आणि पाय टाकला की खालचा धोंडा हलायचा. तेव्हा त्या माणसांनी जे केलं ते मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं. दोन दोरखंड बांधून ते दरडीवर दोन ओळींत, हात-दीड हाताच्या अंतराने उभे राहिले. बांबू या हातातून त्या हातात पुढे सरकत गेला, माणसं जागची हलली नाहीत. झोळी पुढे गेली की मागचे एकेक करून दोराला धरून पुढे येऊन उभे राहायचे, पाय रोवला की मगच हात पुढे. ती बाई ओरडली नाही. वरचा बांबू तिने दोन्ही हातांनी धरला होता आणि पदर दातांत होता. पलीकडे पोचायला दीड तास लागला.

तिथून सहा किलोमीटर चालत दुसरी दरड. ती रस्त्याच्या वरच्या रानातून चढून ओलांडली. त्याच्या खाली तिसरी. तिथे जेसीबी काम करत होता, आणि पलीकडे जीप उभी होती. अंधार पडायला बाईला जीपमध्ये घातलं.

बाई वाचली. मूल वाचलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी रस्ता मोकळा झाला, मी गाडी खाली आणली. गाडी का अडकली याचा जबाब लिहून दिला. संबंधित खात्याच्या कागदाला तो जोडला गेला, तेव्हा तो कागद मी वाचला. वाहतूक चार दिवस बंद, जीवितहानी नाही.

आता माझं म्हणणं. त्या वेळी हयगय कोणी केली नव्हती. दरड पडली त्याच दुपारी यंत्र घाटाच्या पायथ्याशी आलं होतं, ऑपरेटर भर पावसात काम करत होता, मी डोळ्याने पाहिलं. पण यंत्र खालून आलं. खालून आलेलं यंत्र आधी खालची दरड फोडणार, मग मधली, मग वरची. घाटात दरड एक पडत नाही. ज्या रात्री एक पडते त्या रात्री तीन-चार ठिकाणी पडतात, कारण पाऊस सगळ्या डोंगरावर सारखाच झालेला असतो. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांच्यासमोरची दरड सगळ्यात शेवटी निघते. हे दर वर्षी असंच होतं, कारण यंत्रं खाली असतात.

तेव्हा वर एक जेसीबी असता तर? पाड्याजवळची दरड पहिल्याच दिवशी फुटली असती. खालचा आणि वरचा असे दोघे मधे भेटले असते. आणि पूर्ण रस्ता मोकळा व्हायचीही वाट पाहायला नको होती. माझी बस पाड्यावर उभी होती, टाकीत डिझेल होतं. एक दरड फुटली असती तर त्या बाईला सहा किलोमीटर मी गाडीतून आणलं असतं. दीड तास चिखलात आणि पुढे दोन तास पायी, हे वाचलं असतं. हा हिशेब मी त्यानंतर किती वेळा केला असेल.

म्हणून मागणी एकच आहे. सातपुड्यातल्या प्रत्येक घाटात जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत एक जेसीबी घाटाच्या वरच्या अंगाला उभा ठेवा. नुसतं यंत्र नको. सोबत ऑपरेटर, त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय, डिझेलची पिंपं, आणि दरड पडली की फोनची वाट न बघता काम सुरू करायची लेखी परवानगी. हे शेवटचं फार महत्त्वाचं. यंत्र आहे पण आदेश नाही, हेही मी पाहिलं आहे. वरून आदेश यायचा तर रेंज लागते, आणि लाइट गेली की टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते. मग आदेश देणार कोण आणि घेणार कोण?

खर्चाचं कारण पुढे येईल हे मला ठाऊक आहे. पण पावसाळ्यात रस्त्याची, मातीची, धरणाची कामं थांबलेली असतात. ठेकेदारांची यंत्रं तळोद्या-शहाद्यात पेट्रोल पंपाच्या मागे ताडपत्री टाकून उभी असतात. ती खाली उभी आहेत, त्याऐवजी वर उभी करा. भाडं द्यावं लागेल, द्या.

दुसरं, दरड पडू नये यासाठीही करण्यासारखं आहे. चालकाला जे दिसतं ते सांगतो. हा डोंगर काळ्या बेसाल्टचा. कठीण खडकाचा थर, त्याखाली कुजलेला मऊ मुरूम, पुन्हा खडक. पाणी वरच्या खडकाच्या भेगांतून उतरून मुरमात बसतं. मुरूम जड होतो, पाय सोडतो, मग वरचं सगळं येतं. रस्ता रुंद करताना डोंगर भिंतीसारखा उभा कापला की हे लवकर होतं. पायऱ्या-पायऱ्यांनी कापला, पायथ्याला दगड भरलेल्या जाळ्यांची भिंत घातली आणि पाणी बाहेर यायला भोकं ठेवली तर तोच डोंगर टिकतो. रुंदीकरण झालं की दोन-तीन पावसाळे वर बघत गाडी चालवायची, हा आम्हा चालकांचा नियमच होता. वळणावर बारीक खडे सांडलेले दिसले, गटाराचं पाणी एकाएकी लाल झालं, विजेचा खांब काल सरळ होता आज कलला, की समजायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भर पावसात वाहतं गटार अचानक आटलं, तर वर कुठेतरी पाणी कोंडलंय. तिथून गाडी मागे घ्यायची, प्रवासी काही का म्हणेनात.

आणि मोऱ्या. घाटात डोंगराच्या बाजूने गटार असतं आणि थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याखालून पाणी दरीकडे नेणारी मोरी. उन्हाळ्यात गळलेली सागाची पानं पहिल्या पावसात वाहून येतात. सागाचं पान पत्रावळीएवढं. एक पान मोरीच्या तोंडावर आडवं बसलं की त्याला दुसरं चिकटतं, मग काड्या, मग सिमेंटची एखादी रिकामी गोणी, मग मुरूम. पाणी रस्त्यावर येतं आणि दरीकडची कड खालून खातं. वरून पडलेली दरड सगळ्यांना दिसते. खालून पोखरलेला रस्ता गाडीचं मागचं चाक जाईपर्यंत दिसत नाही. मी केबिनमध्ये सीटमागे पहार ठेवायचो. मोरी तुंबलेली दिसली की गाडी उभी करून मी आणि मास्तर उतरायचो, दहा मिनिटांत पाणी वाहतं व्हायचं. कधी प्रवासीही हात लावायचे. मे महिन्यात वरची माणसं घरी असतात. गुजरातेत ऊसतोडीला गेलेले होळीला परत आलेले असतात, घरोघर कैऱ्या सोलून आमचूर वाळत घातलेला असतो. तेव्हा रोजगार हमीवर त्यांच्याच हातून मोऱ्या आणि गटारं साफ करून घ्या. काम त्यांना मिळेल, आणि कोणती मोरी कुठे तुंबते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही.

धान्याचं काही नवीन मागत नाही. पावसाळ्याआधी दुर्गम गावांत धान्य आणि औषधं पोचवायची नवसंजीवन योजना 1995 पासून आहे. बाळंतपणाच्या आधी बाईला आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायची माहेरघर योजना आहे. दोन्ही चांगल्या आहेत. फक्त पावसाळ्यातली तारीख धरताना घाट धरा. ऑगस्टमध्ये दिवस भरणाऱ्या बाईला जुलैतच खाली आणा, सोबत तिचं लहान पोर आणि एक माणूस येईल हे गृहीत धरून, नाहीतर ती येणार नाही. आणि रस्ता बंद असेल त्या दिवसांत रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन चालत नाही म्हणून धान्य अडवू नका, वहीवर सही-अंगठा घेऊन द्या.

मुक्कामी गाड्यांबद्दलही लिहायचं होतं. त्या तोट्यात जातात म्हणून कमी करू नका. मुक्कामी गाडी सकाळी आगारात आली नाही, म्हणजे वर काहीतरी झालंय, हे खाली सगळ्यात आधी त्या न आलेल्या गाडीमुळेच कळायचं. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गेलं, 151 माणसं गेली. तिथे गाव उरलं नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते त्या रस्त्याने गेलेल्या एसटीच्या चालकाच्या. ते ऐकलं त्या दिवशी आमच्या आगारात चहाच्या टपरीवर कोणी फारसं बोललं नाही. जो तो आपापला घाट आठवत होता. पुढे 22 जुलै 2021 ला महाडजवळ तळिये झालं. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी झाली. इर्शाळवाडीला तर रस्ताच नव्हता, यंत्रं खालीच राहिली, आणि चिखलात चढून गेलेल्या माणसांनी हाताने माती उपसली. घरं गाडली गेली तेव्हा सरकार आलं, मंत्री आले, तुम्ही पत्रकारही आलात. आमच्याकडे घरं गाडली जात नाहीत, रस्ता गाडला जातो, म्हणून चार ओळी.

आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या वेळी घाट बंद झाल्याची बातमी येईल तेव्हा बातमीदाराला रस्ता सुरू झाल्यावर एकदा वर पाठवा. पाड्यावर जाऊन त्याने एवढंच विचारावं की या दिवसांत कोणाला झोळीत घालून न्यावं लागलं, आणि त्यांचं पुढे काय झालं. ते छापा.

आणि संबंधित खात्याला माझा निरोप पोचवता आला तर पोचवा. चांदसैली आणि देवगोई, दोन्ही घाटांतल्या तुंबणाऱ्या मोऱ्यांच्या जागा मला पाठ आहेत. कोणी अधिकारी पावसाआधी एक दिवस गाडी घेऊन येणार असतील तर मी तळोद्याच्या स्टँडवर सकाळी सातला उभा राहतो. पहार अजून घरी आहे, ती घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
तळोदा, जि. नंदुरबार